नोलीनचा गुडघा आणि पांढऱ्या कानाची घोडी

शपथ घेते! माझ्या चारही नातवंडांची शपथ, मागच्या महिन्यात बसवलेल्या या नव्या दातांची शपथ, आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. हसू नका. टुम्बारुम्बाच्या पोस्टात जाऊन विचारलंत तर लोक म्हणतील, ग्लेनिस? ती बाई झोपेतसुद्धा थापा मारते. म्हणू देत. पण ही गोष्ट मी स्वतःच्या पायांनी चालून आलेय. सोळा दिवस, दोनशे चाळीस किलोमीटर. डाव्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. दाखवू? नको? बरं.

नोलीन माझी धाकटी बहीण. तिची सगळी नोकरी नकाशे काढायच्या कचेरीत गेली. किती वाजले विचारलं तर ती सव्वाचार म्हणत नाही, चार वाजून तेरा मिनिटं म्हणते. आणि मी ही अशी. एकाच आईच्या दोघी, पण आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही की हे झालं कसं.

आमची ती डोंगरवाट दक्षिणेला वॉलहालापासून सुरू होते ती उत्तरेला थार्वाला संपते. साडेसहाशे किलोमीटर. त्र्याण्णव साली आम्ही दोघी ती चालायला निघालो होतो. मी बेचाळीसची, नोलीन एकोणचाळीसची. निम्म्याहून जास्त वाट झाली आणि माझ्यामुळे मोडली. माझ्यामुळे म्हणजे माझ्या एका थापेमुळे.

आमच्या डोंगरातल्या पत्र्याच्या खोपींना कुलूप नसतं. कोणीही यावं, शेगडी पेटवावी, झोपावं. निघताना दोनच कामं करायची. पुढच्यासाठी सुकी लाकडं फोडून आत रचायची, आणि तिथल्या वहीत लिहायचं: कोण, कुठून आलो, कुठे चाललो. कोणी हरवलं की शोधणारे सगळ्यांत आधी ती वही उघडतात. त्या वहीत हवामानाला शिव्या द्या, उंदरांची गाणी रचा, कोणी काही म्हणत नाही. पण कुठे चाललो ते खोटं लिहायचं नाही. हे शाळेतल्या पोराला कळतं. मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं नाही.

झालं असं की नोलीनच्या टाचेला फोड आला म्हणून ती एक दिवस मागे राहिली. मी पुढच्या खोपीत पोचले. बसून बसून कंटाळा आला. तिथून तीन तासांवर मोटाररस्ता, आणि रस्त्याकाठी आम्ही आधीच लपवून ठेवलेला खाण्याचा डबा. म्हटलं जाऊन घेऊन येते, संध्याकाळी परत. जाताना वहीत लिहिलं, ‘काळा बिबट्या नदीकडे उतरताना पाहिला. त्याच्या मागावर चालले आहे. माझी वाट पाहू नये. ग्लेनिस.’ काळा बिबट्या म्हणजे आमच्याकडची जुनी आवई, खरा कोणी पाहिलेला नाही. वाटलं, नोलीन येईल, वाचेल, हसेल, चहा ठेवेल.

नोलीन आली, तिनं वाचलं, आणि पाठपिशवी तिथेच टाकून ती नदीकडे उतरली. मला शोधायला.

दोन रात्री ती त्या झाडीत होती. पाऊस. तिसऱ्या दिवशी शोधणाऱ्यांना सापडली ती दगडावरून घसरून, उजवा गुडघा भोपळ्याएवढा झालेला. वाट तिथेच संपली.

त्यानंतर तीस वर्षं ती मला एक शब्द बोलली नाही त्यावर. बाकी सगळं बोलायची. नाताळला यायची, पुडिंग आणायची. पण जेवणं झाली की मी बिबट्याची गोष्ट रंगवून सांगायला लागायचे, पोरं लोळायची हसून, आणि नोलीन उठून भांडी घासायला जायची. दरवर्षी. मला वाटायचं तिला भांडी घासायला आवडतात.

यंदा जानेवारीत तिचा फोन आला.

“ग्लेन, मे महिन्यात माझा गुडघा बदलणार आहेत.”

“कोणाच्या गुडघ्याशी?”

“थट्टा नको. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर पाठीवर ओझं घेऊन डोंगर विसरा. म्हणजे फेब्रुवारीत नाहीतर कधीच नाही. तो राहिलेला तुकडा मला चालायचाय.”

“मी येते,” मी म्हटलं. विचार न करता.

“तू येऊ नयेस असंच मला वाटतं. पण दुसरं कोणी मिळेना. आपल्या वयाचे निम्मे गेले आणि उरलेले शहाणे झाले.” मग म्हणाली, “माझी एक अट आहे. सोळा दिवसांत एकही थाप नाही. छोटी नाही, मोठी नाही, वाटेत भेटलेल्याला नाही, मला तर नाहीच. एक थाप, आणि जो पहिला मोटाररस्ता लागेल तिथून मी घरी. पुन्हा कधी विचारायचं नाही.”

“एवढंच?” मी म्हटलं.

एवढंच म्हणे! तुम्हाला सांगते, बावीस किलोचं ओझं परवडलं.

तर फेब्रुवारीच्या शेवटी, जिथे तेव्हा वाट मोडली त्याच रस्त्यावरून आम्ही चढायला लागलो. नोलीनच्या गुडघ्याला डॉक्टरनं मापानं करून दिलेला जाड रबरी पट्टा, निळ्या रंगाचा. तो घातला की ती चालायची, काढला की जिन्याची एक पायरीसुद्धा रडत उतरायची. त्या पट्ट्यावर सगळी वाट उभी होती म्हणा ना.

पहिले दोन दिवस कॉसियस्कोच्या अंगाखांद्यावर. तिथे तर जत्रा. सपाता घालून आलेली माणसं, आइस्क्रीम मागणारी पोरं. तो डोंगर ओलांडला की मग चिटपाखरू नाही. गवताचे पिवळे माळ, मधूनच बशीएवढं तळं, आणि वारा असा की कानात बोलल्यासारखा. पहाटे तंबूवर दंव गोठलेलं, ते झटकलं की काचा फुटल्यासारखा आवाज. पाऊस पडून गेला की स्नो गम नावाच्या झाडांच्या खोडांवर तांबडे, हिरवे, केशरी पट्टे उमटतात; कोणीतरी ओल्या फडक्यानं जुनं चित्र पुसावं तसे. त्या खोडाला हात लावला तर गार आणि गुळगुळीत. नोलीन प्रत्येक झाडाला हात लावायची. तिला वाटायचं मी बघत नाहीये.

आणि बाकीचंही सांगते, नाहीतर म्हणाल गोडगोडच सांगितलं. माश्या! मार्चमाशी चावते ती पायमोजातून चावते. आगीत जळालेली अख्खी उतरण, हजारो पांढरी उभी खोडं, सावलीचा पत्ता नाही, वाटेवर आडवी पडलेली झाडं, त्यांच्यावरून चढायचं नाहीतर खालून सरपटायचं. बहात्तराव्या वर्षी पोटावर सरपटणं यात काही मौज नाही. पाणी म्हणाल तर नकाशात ओढा, जमिनीवर चिखल, आणि चिखलात रानघोड्यांनी घाण केलेली. ओले मोजे. सुकवलेला खिमा आणि सुकवलेले वाटाणे, सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यात फुगवलेले. चौथ्या दिवशी मी वाटाण्याला म्हटलं, बाबा, तुझा माझा संबंध संपला.

पण सगळ्यांत जाच कशाचा? तोंड मिटून राहण्याचा.

चौथ्या दिवशी समोरून एक तरुण जोडपं आलं. थांबले, पाणी प्यायले. पोरीनं विचारलं, “आजी, साप दिसले का हो वाटेत?”

देवा! माझ्या जिभेवर एक साप उभा राहिला. बारा फुटी. बरणीतलं लोणी खाणारा. मी नोलीनकडे बघितलं. ती आपली बुटाची नाडी बांधत होती, पण तिचे कान इकडे.

“दोन,” मी म्हटलं.

“आणि त्यातला एक काठी निघाला,” नोलीन म्हणाली.

ते पुढे गेल्यावर ती म्हणाली, “त्रास झाला?”

“पोटात दुखतंय.”

“चालशील. सवय होईल.”

अशी ती. पण सहाव्या दिवशी जॅगंगलच्या माथ्यावर आम्ही राखेत भाजलेला रोट आणि मध खात बसलो होतो, चारी बाजूंना निळ्या डोंगरांच्या घड्याच घड्या, तेव्हा ती आपणहून माझ्या बाजूला सरकली. वाऱ्यामुळे असेल. मी काही बोलले नाही. मी शिकत होते.

आठव्या दिवशी दुपारी मॅकॉलीच्या खोपीत पोचलो. समोर कुंपणाची जुनी लाकडी आडवी बल्ली, खाली उतारावर ओढा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किआंड्राचा मोटाररस्ता लागणार होता, आणि त्याच्या पलीकडे उरलेले सात दिवस. नोलीन आत शेगडी पेटवायला गेली. मी बाहेर मोजे वाळत घातले, तिचा निळा पट्टाही धुवायच्या आधी जरा वारा लागावा म्हणून बल्लीवर टांगला. आणि कट्ट्यावर बसून बुटातले खडे काढायला लागले.

शपथ घेतलीय ना मी? पुन्हा घेते.

झाडीतून एक घोडी आली. रानटी, करडी, एक कान पांढरा शुभ्र. एकटी. माझ्याकडे बघितलं जसं पोस्टातली बाई बघते, म्हणजे बघितलंच नाही. सरळ बल्लीपाशी गेली. माझे मोजे हुंगले आणि मान फिरवली, ते जरा लागलं मला. मग पट्टा हुंगला. मग चाटायला लागली. अहो, सव्वाशे किलोमीटरचा घाम होता त्याच्यात! मीठच मीठ. तिनं चाटला, चावला, दातांत धरला आणि वळून चालायला लागली. जसं काही बाजारातून पिशवी घेऊन निघाली.

मी चहाची बिली, म्हणजे ते चहा उकळायचं पत्र्याचं भांडं, हातात घेऊन एका बुटावर मागे धावले. “ए! ए बाई!” घोडी दुडक्या चालीनं ओढ्यापलीकडच्या झाडीत. निळा पट्टा तोंडाच्या कडेला लोंबतोय. गेली.

मी तिथेच उभी राहिले. मागे धूर निघायला लागला होता खोपीतून. आणि मला कळलं की आता मला आत जाऊन हे सांगायचंय.

नोलीन गुडघा चोळत बसली होती. “पट्टा आण गं. थंडी भरतेय त्याच्यात.”

“नोल,” मी म्हटलं, “पट्टा नाहीये.”

“म्हणजे?”

“घोडीनं नेला.”

नोलीन माझ्याकडे बघत राहिली. त्र्याण्णव साली तंबूचे खुंटे लपवले होते मी तिचे, गंमत म्हणून. हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

“कुठे लपवलास?”

“नाही लपवला गं. करडी घोडी. एक कान पांढरा. आली, चाटला, घेऊन गेली. मी धावले मागे, बिली घेऊन...”

“बिली घेऊन.”

“हातात होती!”

“ग्लेन.” तिचा आवाज अगदी हळू. मला ओरडलेली चालली असती. “आठ दिवस. मला वाटलं होतं, तुला जमेल.”

“खरं सांगतेय!”

“पांढऱ्या कानाची घोडी.” तिनं मान हलवली. “निदान साधी घोडी तरी सांगायचीस.”

बघा म्हणजे! आयुष्यभर मी बिबटे, पाण्यातली भुतं, लोणी खाणारे साप विकले आणि सगळ्यांनी घेतले. आणि एक साधी खरी घोडी, ती कोणी फुकट घेईना.

मी बाहेर जाऊन तासभर झाडीत शोधलं. काही नाही. आत आले तर तिनं दोघींचा खिमा वाढून ठेवला होता. खाताना ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, “तुला माहितीये, नदीवर त्या दोन रात्री मी काय करत होते?”

“मला शोधत होतीस.”

“तुला नाही. तुझं प्रेत शोधत होते. पहिल्या रात्रीनंतर मी तुला हाका मारणंच बंद केलं. नुसती पाण्यात बघत चालले होते. प्रत्येक ओंडका म्हणजे तू.” तिनं वाटाणा काट्यानं बाजूला सारला. “आणि तू दरवर्षी ते पुडिंगबरोबर वाढतेस.”

तीस वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट माझी आहे.

“उद्या रस्ता लागेल,” ती म्हणाली. “कोणी कूमा गावाला जाणारा भेटला तर मी बसेन गाडीत. तू पुढे जा हवं तर.”

मी एकटी पुढे जाऊन काय करणार होते? ती वाट तिची होती. मी मोडलेली, तिची.

सकाळी ती काठी टेकत टेकत पाणी आणायला ओढ्यावर गेली. मी म्हटलं मी जाते, तर हात वर करून नको म्हणाली. पाऊण तास लागला तिला. पट्टा नव्हता ना. मी तोवर लाकडं फोडली, आत रचली, झाडलोट केली. ती आली, पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, आणि नेहमीप्रमाणे वही उघडली. नोलीन निघण्याआधी मागची पानं वाचतेच. कुठे पाणी आहे, कुठे झाड पडलंय, सगळं टिपून घेते.

वाचता वाचता थांबली.

“काय गं?” मी विचारलं.

ती मोठ्यानं वाचायला लागली. “‘चौदा फेब्रुवारी. सावधान. इथे एक पांढऱ्या कानाची घोडी फिरते. घामाचे कपडे पळवते. माझी टोपी आणि एक मोजा गेला. कपडे आत वाळवावेत. डेसमंड, कूमा.’”

मी पायाखालची जमीन बघत होते.

नोलीन बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग पेन्सिल उचलली आणि खाली स्वतःचं लिहिलं, नेहमीसारखं, आखीव. वही मिटली. माझ्याकडे वळली.

“तुझी झोपायची चटई आण.”

“का?”

“घोडीनं पट्टा नेला ना? मग मला काहीतरी लागेल बांधायला. ती जाड आहे, मऊ आहे. आण. आणि चाकू आण.”

अहो, माझी नवी चटई! फोमची, दोन बोटं जाड. तिनं माझ्याच हातानं ती मधोमध कापायला लावली. गुडघ्याला दोन वेढे, वरून बँडेजची पट्टी, वरून माझ्या कमरेचा पट्टा. उभी राहिली, दोन पावलं टाकली, हं म्हणाली.

“आणि मी कशावर झोपू?”

“जमिनीवर. छान सपाट असते.” का कोण जाणे, हे म्हणताना ती जरा जास्तच खूश दिसली.

निघालो. शंभर पावलं गेल्यावर मला आठवलं, माझा मग खिडकीत राहिला. परत गेले. तो घेतला, आणि सहज वही उघडून बघितलं नोलीननं काय लिहिलंय. काय लिहिलं होतं ते शेवटी सांगते. आत्ता एवढंच की मी तिथे जरा वेळ उभी राहिले, आणि परत आले तेव्हा नोलीन म्हणाली, “मग सापडला?” आणि मी म्हटलं, “सापडला.” बस.

दुपारी रस्ता लागला. यंदा निघायच्या आधी आम्ही लपवून ठेवलेला खाण्याचा डबा पडलेल्या ओंडक्याखाली होता तसाच होता. आम्ही तो उघडून सात दिवसांचं ओझं भरत होतो तेवढ्यात एक ट्रकवजा गाडी थांबली. मोठी टोपी घातलेला माणूस, मागे कुत्रा.

“काय मावशीबाई, कूमाला चाललोय. येताय का?”

बघा. हाच तो रस्ता आणि हीच ती गाडी. मी डब्यातल्या किसमिसांच्या पुडीकडे बघत राहिले. मला नोलीनकडे बघायचं धाडस होईना.

“पायाला काय झालं ते?” माणसानं विचारलं. चटईचा निळा-हिरवा गठ्ठा बांधलेला गुडघा, कोणीही विचारणारच.

“पट्टा होता चांगला,” नोलीन म्हणाली. “घोडीनं नेला.”

माणूस थांबला. मग हसायला लागला. कुत्रासुद्धा उठून उभा राहिला. “घोडीनं! वा वा!”

“पांढऱ्या कानाची,” नोलीन म्हणाली.

“मग काय! आणि खोगीर घालून तुम्हाला इथवर सोडलंही असेल!”

नोलीनचं तोंड लाल झालं. मानेपासून वर वर. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. नकाशाच्या कचेरीत पस्तीस वर्षं कोणी तिचा शब्द खोटा म्हटला नव्हता. तिचा हात कोटाच्या खिशाकडे गेला, तिथे थांबला, आणि तसाच मागे आला.

“मी खरं सांगतेय!” ती म्हणाली.

“हो हो, आजी. चला, बसा.”

“नको,” नोलीन म्हणाली. “आम्ही चालत जाणार आहोत. थार्वाला. आणि तुमच्या कुत्र्याची जीभ तुमच्यापेक्षा शहाणी आहे, ती निदान गप्प आहे.”

गाडी गेली. धूळ खाली बसली. नोलीन रस्त्याच्या मधोमध काठीवर रेलून उभी. मग माझ्याकडे वळली. “असं वाटतं होय,” ती म्हणाली. “खरं बोललं आणि कोणी मानलं नाही की.”

“हो,” मी म्हटलं. “पण मी ते कमावलं होतं. तुझ्यावर अन्याय झाला.”

ती हसली. गेल्या तीस वर्षांत डोंगरात हसली नव्हती. डोंगरातच आली नव्हती म्हणा. तिनं ओझं उचललं आणि आम्ही रस्ता ओलांडला.

उरलेले सात दिवस सोपे नव्हते. उतारावर ती उलटी उतरायची, तोंड डोंगराकडे करून, आणि मी खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगायचे. डावीकडे, अजून जरा, तिथे दगड हलतोय, हं. मी सांगितलेल्या जागी ती बघायची नाही, सरळ पाय ठेवायची. हजारो वेळा. एकदाही मला चुकीची जागा सांगायचा मोह झाला नाही. मी रोज रात्री मुळांवर आणि खड्यांवर झोपले आणि सकाळी काटकोनात उठले. एक दिवस पाऊस लागला तो थांबेना, दोघी तंबूत बसून किसमिसं मोजून खात होतो, एक तुला एक मला. मध्येच ओढ्याकाठच्या एका माळावर कांगारूंचा कळप दिसला, शंभरएक, आणि सगळे एकदम मान वर करून आमच्याकडे बघत राहिले. मी नोलीनला विचारलं, “हे किती होते म्हणून सांगू?” तर ती मोजायला लागली. एकशे चार.

सोळाव्या दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी (हे तिचं घड्याळ), वाट संपली. काही नसतं तिथे. एक फलक, एक फाटक, गाड्या उभ्या करायची जागा. नोलीननं फाटकाला हात लावला, जसा झाडांना लावायची तसा. मग खाली बसली आणि माझी चटई सोडून माझ्या मांडीवर टाकली.

“घे. तुझं अंथरूण.”

मी म्हटलं, “नोल, ते नदीचं...”

“हं.”

“मी परत नाही सांगणार ती गोष्ट. नाताळला.”

“सांग की,” ती म्हणाली. “पण पूर्ण सांग. दोन रात्रीही सांग.” मग काठीनं माझ्या बुटाला टोचलं. “आणि आता वाट संपली. अट संपली. एक मोठी थाप मार बघू. सोळा दिवस साठवली असशील.”

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, काही आलं नाही. बारा फुटी साप नाही, लोणी नाही. समोर फाटक, बाजूला नोलीन, गुडघा पसरून बसलेली. मी तशीच तोंड उघडं ठेवून बसले आणि ती इतकी हसली की गाड्यांपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

तर अशी ही गोष्ट. शब्दन् शब्द खरा. दातांची शपथ.

आता चहा संपलाच आहे आणि दातांची शपथ जरा महागात पडू शकते, म्हणून एक बारीकसा तपशील सांगून टाकते. तो कूमाचा डेसमंड. तसा माणूस नाही. नोलीन ओढ्यावर गेली होती तेव्हा तो मी लिहिला, डाव्या हातानं, खोपीच्या वहीत, जिथे खोटं लिहायचं नाही तिथे, दुसऱ्यांदा. आणि त्याच्याखाली नोलीनचं आखीव अक्षर असं होतं: ‘ओढ्याकाठी पट्ट्याचा चावलेला बंद सापडला, खिशात आहे. वरचं अक्षर ओळखलं. तरीही थार्वाकडे चाललो आहोत. दोघी.’